माउलीची तपासणी : शेतकरी कुटुंबांतील एक राहून जाणारें कर्तव्य

शेतकरी हा मूळचाच पारखी डोळ्याचा मनुष्य. ज्वारीच्या पोंग्यांत किडा शिरला कीं तो पानावरील बारीक भोंकें पाहून ओळखतो. कपाशीचें पान लालसर पडूं लागलें कीं बांधावरच त्याचा पाय थबकतो. बैलानें एक वेळ वैरण टाकली तर त्या रात्रीं त्याला स्वस्थ झोंप येत नाहीं. रोग बळावल्यावर केलेला मोठा खर्च वायां जातो व रोग दिसतांच केलेला थोडका उपाय पीक वांचवितो, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. या मासिकांतून पिकांवरील व जनावरांवरील रोगांची माहिती आम्ही वारंवार देतों, ती याच भरंवशावर. या अंकीं मात्र आम्ही अशा एका रोगाविषयीं लिहिणार आहों, कीं जो शेतांत नाहीं, गोठ्यांत नाहीं, तर घरच्या माउलीच्या शरीरांत निमूटपणें वाढतो, आणि ज्याच्याकडे हा पारखी डोळा बहुधा वळतच नाहीं. हा रोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय.

शेतकी मासिकांत हा विषय कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर सोपें आहे. शेती हा एकट्या पुरुषाचा धंदा नसून सबंध कुटुंबाचा धंदा आहे. निंदणी-खुरपणी, कापसाची वेंचणी, भाताची लावणी, धारा काढणें, शेरडें-कोंबड्या सांभाळणें आणि या सर्वांवर पुन्हां दोन वेळची चूल, हा भार घरांतील स्त्रियाच वाहतात. कुटुंबांतील कर्ती स्त्री अंथरुणास खिळली म्हणजे घर बसतें. ती गेली म्हणजे घर मोडतें. शिवाय रोग हाताबाहेर गेल्यावर उपचारासाठीं जो पैसा लागतो, तो उभा करतांना दागिना मोडतो, जनावर विकलें जातें व प्रसंगीं जमिनीवर बोजा चढतो. तेव्हां हा विषय शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीशींही निगडित आहे. विषय संकोचाचा आहे हें आम्हांस मान्य आहे. पण संकोचापायीं माणसाचा जीव जावा, एवढी त्या संकोचाची किंमत नाहीं.

रोगाचा पसारा:— जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सन २०२२ सालासाठीं केलेल्या अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत आपल्या देशांत सुमारें १,९२,००० स्त्रियांस हा रोग नव्यानें झाला व सुमारें ९८,००० स्त्रिया त्यानें दगावल्या. भारतांतील स्त्रियांना होणाऱ्या सर्व प्रकारच्या कर्करोगांत याचाच क्रमांक आज पहिला लागतो. रोग कळल्यापासून पांच वर्षें जगणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण सधन देशांत शेंकडा ९० हून अधिक आहे. आपल्याकडे तें शेंकडा ६६ आहे, असें हीच संघटना सांगते. रोग तोच, औषधेंही बहुतांशीं तींच. मग हें अंतर कशामुळें पडतें? एक कारण पुरा उपचार मिळण्यांतील अडचणी हें आहे. दुसरें व तितकेंच मोठें कारण म्हणजे आपल्याकडील स्त्री दवाखान्याच्या दारांत फार उशिरां पोंचते. पहिलें कारण दूर करणें सरकारच्या व समाजाच्या हातीं आहे. दुसरें पुष्कळसें आपल्याच हातीं आहे, म्हणून त्याविषयीं विस्तारानें लिहितों.

रोगाचें स्वरूप:— आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात, आणि हें काम ठराविक मर्यादेंत चालतें. एखाद्या पेशीचा हा आवर सुटला म्हणजे ती बेसुमार वाढूं लागते व त्या वाढीची गांठ बनते. स्तनांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथि व तें दूध बाहेर आणणाऱ्या नलिका असतात; हा रोग बहुतेक वेळां या नलिकांच्या अस्तरांत सुरू होतो. डॉक्टर लोक त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर गांठ लहान व मुख्यतः स्तनापुरती असते. दुसऱ्या पायरीवर ती मोठी होते किंवा तिचा अंश काखेंतील ग्रंथींत उतरतो. तिसऱ्या पायरीवर ती कातडीस अथवा छातीच्या भिंतीस धरते, किंवा काखेंतील पुष्कळ ग्रंथि रोगानें भरतात. चौथ्या पायरीवर रोग हाडें, फुप्फुसें, यकृत किंवा मेंदू यांत जाऊन बसतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर तो बहुधा पुरता बरा करतां येतो. तिसऱ्या पायरीवरही झुंज देतां येते. चौथ्या पायरीवर मात्र तो आटोक्यांत ठेवून आयुष्य वाढवितां येतें, पण समूळ काढणें बहुधा साधत नाहीं. वावरांत हरळीची पहिली काडी दिसली तेव्हांच ती खणून काढली तर एका माणसाचें घटकाभराचें काम; तिच्या काशा वावरभर पसरल्या म्हणजे तेंच काम वर्षानुवर्षें पुरत नाहीं. या रोगाचेंही तसेंच आहे.

आणि यांतील सर्वांत घातक गोष्ट अशी, कीं आरंभीं ही गांठ बहुधा दुखत नाहीं. आपल्या लोकांचें दुखण्याचें माप म्हणजे वेदना. ठणका नाहीं, ताप नाहीं, काम अडत नाहीं, म्हणजे रोग नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. या रोगाच्या बाबतींत तो समज जिवावर बेततो. जी गांठ दुखत नाहीं तीच अधिक काळजीनें दाखविली पाहिजे, हें या लेखांतील एक वाक्य जरी वाचकांनीं ध्यानांत ठेविलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.

उशीर कसा होतो:— गांवोगांव घडणारी हकीकत थोड्याफार फरकानें पुढीलप्रमाणें असते. आषाढांत अंघोळीच्या वेळीं बाईच्या हाताला हरभऱ्याएवढी गांठ लागते. ती कोणाजवळ बोलत नाहीं. लावणीची घाई असते. श्रावण-भाद्रपदांत सणवार येतात. पुढें सुगी येते, मग लेकीचें बाळंतपण. गांठ एव्हांना सुपारीएवढी झालेली असते. मग एखाद्या दिवशीं जाऊबाईच्या किंवा सासूबाईंच्या कानावर गोष्ट जाते. कोणी लेप सांगतें, कोणी वैदूचा पत्ता देतें, कोणी अंगारा आणून लावतें. नवऱ्याला कळतें तें कातडी ओढली गेल्यावर किंवा जखम वाहूं लागल्यावर. तालुक्याच्या गांवीं नेल्यावर डॉक्टर मोठ्या शहरीं जाण्यास सांगतात, आणि तेथें पहिला प्रश्न विचारला जातो, "इतके दिवस काय करीत होतां?" या हकीकतींत दुष्टावा कोणाचाच नसतो. बाईनें घरचें काम अडूं नये म्हणून दडविलें, घरच्यांना कळलेंच नाहीं, वैदूनें आपल्या समजुतीप्रमाणें केलें. परंतु सर्वांच्या चांगुलपणाची बेरीज एक वर्षाचा उशीर अशी होते, आणि त्या वर्षांत रोग पहिल्या पायरीवरून तिसरीवर चढूं शकतो.

येथें एक तुलना करण्याची परवानगी आम्ही वाचकांजवळ मागतों. माणसाची जनावराशीं नव्हे, तर एका दक्षतेची दुसऱ्या दक्षतेशीं. गाय व्याल्यावर शेतकरी रोज धार काढण्यापूर्वीं कासेवर हात फिरवितो. एखादा सड गरम लागला, कास एका बाजूनें कठीण झाली, पहिल्या धारेंत गुठळी किंवा रक्ताची छटा दिसली, कीं दगडीची म्हणजे काससुजीची शंका येऊन तो त्याच दिवशीं पशुवैद्याकडे धांव घेतो. तेथें त्याला लाज वाटत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं व भाड्याचा विचारही आड येत नाहीं. ही दक्षता योग्यच आहे. आमचें मागणें इतकेंच, कीं ज्या घरांत गाईच्या कासेंतील गुठळी त्याच दिवशीं ओळखली जाते, त्या घरांत मुलांच्या आईच्या छातींतील गांठ वर्षभर बेपत्ता राहूं नये.

तपासणीनें खरोखर लाभ होतो काय:— हा प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर आपल्याच प्रांतांत मिळालेलें आहे. मुंबईस परळ येथें सन १९४१ सालीं सुरू झालेलें टाटा मेमोरियल रुग्णालय सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथील डॉक्टर इंद्रनील मित्र व त्यांचे सहकारी यांनीं सन १९९८ सालीं मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यांत घेतल्या होत्या. वस्त्यांचे २० गट पाडून १० गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनीं एकदां, अशी चार वेळां हातानें स्तनतपासणी केली. उरलेल्या १० गटांत रोगाची माहिती सांगून केवळ पाहणी ठेविली. तपासणी करणाऱ्या कोणी डॉक्टरीण नव्हत्या. त्या खास शिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. सुमारें वीस वर्षें या स्त्रियांचा मागोवा घेऊन सन २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटांत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर रोग सांपडलेल्या रोगिणी शेंकडा ३७ होत्या, तर दुसऱ्या गटांत त्या शेंकडा ४७ होत्या. पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यू सुमारें शेंकडा ३० नीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचें दिसलें नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु ज्या तपासणीस ना विजेचें यंत्र लागतें, ना क्ष-किरण, ना मोठा डॉक्टर, तिनें प्रौढ स्त्रियांचे इतके प्राण वांचावेत, ही खेड्यांतील लोकांना मोठाच धीर देणारी गोष्ट आहे.

खेड्यांपुरतें पाहावयाचें तर बार्शीचें उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी व तिला लागून असलेले परंडा व भूम हे तालुके मिळून सन १९८७ सालीं कर्करोगाची नोंदवही सुरू करण्यांत आली; खेडोपाडीं अशी नोंद ठेवण्याचा हा आपल्या देशांतील पहिला उपक्रम होय. नोंद घेणारे लोक गांवोगांव जाऊन रोगाचीं लक्षणें समजावून सांगत. कांहीं वर्षांतच असें आढळून आलें कीं, या भागांतील स्त्रिया गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीं पूर्वींपेक्षां लवकरच्या पायरीवर दवाखान्यांत येऊं लागल्या आहेत. रोग निराळा असला तरी धडा तोच. अडाणी समजली जाणारी खेड्यांतील बाई, तिला तिच्या भाषेंत नीट सांगितलें म्हणजे शहाणपणानें वागते.

केवळ आपली आपण चांचपणी केली म्हणजे भागलें, असें मात्र कोणीं समजूं नये. चीनमधील शांघाय शहरीं कापडगिरण्यांत काम करणाऱ्या २,६६,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या व सन २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, स्वतः तपासणी शिकविल्यानें मृत्यू कमी झाल्याचें आढळलें नाहीं. निरुपद्रवी गांठींची काळजी व कापाकाप मात्र वाढली. म्हणून घरची ओळख ती घरची ओळख व जाणत्या हाताची तपासणी ती तपासणी, असा भेद ठेवावा. घरच्या ओळखीचा उपयोग इतकाच, कीं बदल झाल्यास तो लवकर ध्यानांत येऊन बाई जाणत्याकडे वेळेवर जाते. हा उपयोगही थोडा नव्हे.

कोणी, केव्हां व कशी तपासणी करावी:— सन २०१६ सालीं केंद्र सरकारनें आंखलेल्या पद्धतीप्रमाणें ३० ते ६५ वर्षें वयाच्या प्रत्येक स्त्रीची पांच वर्षांतून एकदां प्रशिक्षित सेविकेकडून स्तनतपासणी व्हावयाची असते. गांवची आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो तक्ता भरून घेते, त्यांत छातींत गांठ आहे काय, स्तनाग्रांतून रक्तमिश्रित स्राव होतो काय, आकारांत फरक पडला काय, हे प्रश्न असतातच. स्त्रिया बहुधा ते "नाहीं, नाहीं" म्हणून उडवून लावतात. तसें न करितां विचार करून खरें उत्तर द्यावें, व उपकेंद्रांत किंवा आरोग्य मंदिरांत तपासणी कोणत्या दिवशीं असते तें तिलाच विचारून घ्यावें. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांस क्ष-किरणांनीं छायाचित्र घेण्याचा, म्हणजे मॅमोग्राफीचा, उपयोग होतो. तरुण वयांत स्तन घट्ट असल्यामुळें त्या छायाचित्रांत गांठ नीट उमटत नाहीं, तेव्हां तेथें सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. ज्या बाईच्या आईस किंवा सख्ख्या बहिणीस हा रोग झाला असेल, तिनें तर तक्त्याची वाट न पाहतां डॉक्टरांचा सल्ला घेऊन लवकर तपासणीस आरंभ करावा. मात्र बहुसंख्य रोगिणींच्या घराण्यांत हा रोग पूर्वीं कोणासही झालेला नसतो. म्हणून "आमच्या घराण्यांत नाहीं" हें निर्धास्त राहण्यास कारण होऊं शकत नाहीं.

घरीं ओळख ठेवण्याची रीत अशी. विटाळ येत असेल त्या बाईनें तो सुरू झाल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशीं, कारण त्या वेळीं स्तन मऊ असतात. विटाळ गेलेला असेल तिनें महिन्याची एक ठराविक तिथि धरावी. आरशासमोर हात खालीं सोडून व मग डोक्यावर नेऊन पाहावें. नंतर बोटांची टोकें नव्हे तर बोटांच्या पेरांची सपाट बाजू ठेवून, गोलाकार हात फिरवीत सबंध स्तन व काख पाहावी. पुढील गोष्टींपैकीं कोणतीही नव्यानें दिसली तर ती दाखविलीच पाहिजे: स्तनांत किंवा काखेंत गांठ वा कठीणपणा, कातडीस खळी पडणें, किंवा ती संत्र्याच्या सालीप्रमाणें जाड व खडबडीत दिसणें, पूर्वीं सरळ असलेलें स्तनाग्र आंत ओढलें जाणें, स्तनाग्रांतून आपोआप रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणें, स्तनाग्रावरील न भरणारी खपली अथवा जखम, एका स्तनाच्या आकारांत पडलेला फरक, न जाणारी लाली किंवा सूज.

अंगावर पाजणाऱ्या आयांविषयीं:— या आयांची गोष्ट थोडी निराळी आहे. दूध साठून गांठ होणें, स्तन सुजणें, ताप येऊन गळूं होणें, हे प्रकार त्यांच्यांत नेहमीचे आहेत व त्यांवर उपायही होतात. परंतु म्हणूनच खरी गांठ त्यांच्यांत "दुधाची गांठ" समजून सोडून दिली जाण्याचा धोका अधिक. बाळाला पाजून, शेकून, दूध काढूनही जी गांठ दोन आठवड्यांत विरत नाहीं, ती दाखवावी. सोनोग्राफीनें अंगावरच्या दुधास कांहींएक बाधा येत नाहीं. आणखी एक समज दूर केला पाहिजे. अंगावर पाजल्यानें या रोगाचा संभव कमी होतो हें खरें आहे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्र विचार करून सन २००२ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागें हा संभव सुमारें शेंकडा ४.३ नीं घटतो. पण घटतो म्हणजे नाहींसा होत नाहीं. चार लेंकरें अंगावर वाढविलेल्या माउलीलाही हा रोग होतो, हें तिनें व तिच्या घरच्यांनीं विसरूं नये.

गांठ निघाल्यावर पुढें काय:— प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं स्तनांतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. दाखविण्याचा हेतु रोग शोधण्याइतकाच शंका फेडण्याचाही असतो. डॉक्टर हातानें तपासतात, छायाचित्र घेतात, आणि जरूर पडल्यास सुईनें गांठीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे निदान पक्कें होतें. सुई लागल्यानें रोग पसरतो, हा समज खेड्यांतच नव्हे तर शहरांतही पसरलेला आहे. तो निराधार आहे. सुई टाळल्यानें रोग थांबत नाहीं, निदान मात्र थांबतें.

रोग निघालाच तर आतां पूर्वींसारखी सरसकट सबंध स्तन काढण्याची वेळ येत नाहीं. गांठ लहान असतां तेवढाच भाग काढून पुढें किरणोपचार दिले, तर बाई तितकींच वर्षें जगते, हें अमेरिकेंतील डॉक्टर बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगांनीं गेल्या शतकांत दाखवून दिलें. म्हणजे लवकर जाणाऱ्या बाईचा जीवच नव्हे, तर बहुधा अवयवही वांचतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार, शिरेंतून देण्याचीं औषधें व कांहीं जणींस पांच किंवा अधिक वर्षें रोज घ्यावयाच्या गोळ्या, असे उपचाराचे प्रकार आहेत. कोणास कोणता द्यावा हें गांठीच्या तपासावरून ठरतें. शिरेंतील औषधांनीं केस जातात, अन्न नकोसें होतें, थकवा येतो. हें कांहीं महिन्यांचें आहे व केस पुन्हां येतात. दोन पाळ्या झाल्यावर "आतां बरें वाटतें" म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणें म्हणजे दोन पाण्यांवर पीक आणून तिसरें पाणी तोडणें होय. हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें, एका पांघरुणांत निजल्यानें किंवा आईच्या कुशींत बाळ झोंपल्यानें तो पसरत नाहीं. तो कोणाच्या करणीनें अगर पापानेंही होत नाहीं. रोगिणीला वेगळें बसविणाऱ्या घरांनीं हें नीट समजून घ्यावें. तसेंच शंभर रोग्यांमागें अजमासें एक पुरुष असतो. तेव्हां पुरुषांनींही छातींतील गांठ हंसण्यावारी नेऊं नये.

पुरुषांचें काम:— पैसा व प्रवास या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतून बहुधा पुरुषाच्या हातीं असतात, म्हणून हा लेख आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठीं लिहिला आहे. घरांतील स्त्री आपणहून सांगेल अशी वाट पाहूं नये. "आशाताईच्या तक्त्यांत तुझें नांव आहे का? आईचें आहे का?" एवढें विचारण्यास कोणताही संकोच आड येण्याचें कारण नाहीं. तपासणीच्या दिवशीं घरची भाकरी लेकानें किंवा सुनेनें केली तर आभाळ कोसळत नाहीं. खर्चाच्या भीतीनें कोणी मागें राहूं नये म्हणून सांगतों, कीं महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखालीं ठरविलेल्या रुग्णालयांतून कर्करोगावरील पुष्कळ उपचार मोफत होतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे आधीं चौकशी करावी. एस. टी. च्या गाड्यांतून स्त्रियांस सन २०२३ पासून निम्में भाडें पडतें. आगगाडीनें उपचारास जाणाऱ्या कर्करोग्यांसही सवलत आहे. मुंबईस जावें लागलें व राहण्याची अडचण पडली, तर दादर येथें संत गाडगे महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेंत बाहेरगांवच्या अशा रोग्यांची सोय केली जाते.

संस्थांनीं काय करावें:— शेवटीं आमच्या मंडळाच्या व इतर सहकारी संस्थांच्या चालकांस दोन शब्द. मळणी आटोपल्यापासून मृग लागेपर्यंतचा काळ खेड्यांत त्यांतल्या त्यांत मोकळा असतो. या काळांत प्रत्येक गांवीं एक दिवस ठरवून, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहाय्यानें तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी घडवून आणावी. जागा बंदिस्त असावी, तपासणारी स्त्रीच असावी, व दाराशीं पुरुषांची गर्दी नसावी. एवढें संभाळलें तर बायका येतात. ज्यांना पुढें पाठविण्यास सांगितलें असेल त्यांची यादी एका जबाबदार स्त्रीच्या हातीं राहावी. ती गुप्त असावी, पण बेवारस नसावी. जागतिक आरोग्य संघटनेनें असें उद्दिष्ट ठेविलें आहे कीं, बाईनें प्रथम तक्रार सांगितल्यापासून साठ दिवसांच्या आंत निदान पक्कें झालें पाहिजे. आपल्या यादींतील प्रत्येक नांवासमोर हे साठ दिवस मोजावेत. कोणाचें भाडें नसेल तर तें संस्थेच्या निधींतून द्यावें. बियाण्यांसाठीं, औषधफवारणीसाठीं आपण एकत्र येतों. यासाठीं येण्यास निराळा कायदा लागत नाहीं.

वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं हा अंक वाचून झाल्यावर तो घरांतील स्त्रियांच्या हातीं द्यावा. ज्यांना वाचतां येत नसेल त्यांना मुलीकडून वाचून दाखवावा. आणि येत्या बाजारच्या दिवसाआधीं उपकेंद्रांतील तपासणीचा वार विचारून ठेवावा. पेरणीची तारीख आपण जशी चुकवीत नाहीं, तशी हीही चुकवूं नये.